चाळकेवाडीचा पठ्ठ्या

आज चाळकेवाडीच्या पठारावर ऊन नुसतं भाजून काढत होतं. पवनचक्कीच्या पायथ्याशी एका दगडावर गळ्याची निळी-काळी-नारिंगी पिशवी फुगवून बसलेला सरडा दिसला. वरातीतला नवरदेव फिका पडावा असा थाट, आणि तोही मादीसाठीच! सातारच्या उशाला राहणाऱ्या या गड्याची वेगळी प्रजाती म्हणून शास्त्रात नोंद झाली ती थेट २०१६ मध्ये.

मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी इथेच अभ्यास केला, तो २०१८ ला प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी. मग सरडे वाढले, निर्धास्त झाले, माणूस जवळ गेला तरी चटकन पळेनात. पण खाणारी तोंडं वाढली तशी अंगं रोडावली, नरांचे रंगही उतरले.

माझ्या पठ्ठ्यानं मला बरंच जवळ येऊ दिलं बुवा! आता हे बिनधास्तपण पिढ्यांमध्ये उतरणार की नुसती सवयच राहणार? मला तरी खरी गंमत यातच वाटते. उत्तरासाठी कुणाला तरी वर्षानुवर्षं या उन्हात सरडे मोजत बसावं लागेल. मी मात्र लगेच चहाची टपरी गाठली.