परदेशी पासपोर्टवर ठाण्यात घर : खरेदीच्या फेरीचा वृत्तांत

ही फेरी होती अमेरिकी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलेल्या जोडप्यासाठी ठाणे महापालिकेच्या हद्दीत रीसेल फ्लॅट घेण्याची. याच वाटेने येणार असाल तर सुट्टी किमान तीन आठवड्यांची काढा आणि दिवस उलटे मोजा. आधी रजिस्ट्रेशनची तारीख ठरवायची, बाकीची कामं तिच्या मागे लावायची. आधी विमानाचं तिकीट काढून मग कामं बसवायला गेलं की काहीतरी अर्धवट राहतं.

कायद्यापुरतं एवढंच. फेमा या परकीय चलन कायद्याच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे ओसीआय कार्डधारकाला घर किंवा दुकान घ्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, संख्येचीही मर्यादा नाही. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळे मात्र विकत घेता येत नाहीत. त्यामुळे ‘एनए (बिगरशेती) होणारच आहे’ असं सांगून मुरबाड-कर्जतकडे दाखवला जाणारा प्लॉट बघण्यात दिवस घालवू नका. जोडीदार परदेशी असून ओसीआय नसेल, तर त्याचं नाव तुमच्याबरोबर एका घरावर लागू शकतं. त्यासाठी लग्नाची नोंदणी झालेली हवी आणि व्यवहाराआधी लग्नाला सलग दोन वर्षं झालेली हवीत.

निघण्याआधीचं सर्वांत किचकट काम म्हणजे नाव. अमेरिकी पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुधा नसतं, जुन्या पॅनवर असतं, आणि बाईच्या बँक खात्यावर कधी माहेरचं आडनाव राहून गेलेलं असतं. तीन कागदांवर तीन नावं असली की बँक, सोसायटी आणि सब-रजिस्ट्रार तिघंही अडवतात. पॅन दुरुस्त करून घ्या. परदेशी नागरिकांचा पॅनचा अर्ज वेगळा असतो. जे दुरुस्त होणार नाही ते करारनाम्यात ‘ऊर्फ’ लावून लिहून घ्या.

मग पैसे. पैसे आपल्या एनआरई (परदेशातल्या कमाईच्या) किंवा एनआरओ (भारतातल्या उत्पन्नाच्या) खात्यातून, नाहीतर परदेशातून थेट बँकेमार्फत आलेले असावेत. डॉलरच्या नोटा चालत नाहीत. अनेक जण सोय म्हणून आईवडिलांच्या खात्यात रक्कम टाकतात आणि चेक तिथून देतात. घर होतं, पण पुढे ते विकून पैसे परत न्यायचे झाले की माग तुटलेला असतो. बाहेरून किंवा एनआरईमधून भरलेली रक्कम दोन घरांपर्यंत तेवढ्याच मर्यादेत परत नेता येते. बाकीची एनआरओमधून, एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत. म्हणून प्रत्येक रकमेचा बँकेचा परकीय चलनाचा दाखला जपून ठेवा. नेटबँकिंगची रोजची मर्यादा आणि नवीन खातं जोडल्यावरचा थांबा आधीच तपासा. ओटीपी येणारा नंबर भारतात चालू हवा. नेमक्या दिवशी हाच अडकतो.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून १ कोटी २० लाखांचा फ्लॅट धरू. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ८ लाख ४० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. कागद हाताळणी पानाला ४० रुपये. सगळे खरेदीदार महिला असतील तर शुल्क ६ टक्के होतं आणि १ लाख २० हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला भाव) यांतल्या मोठ्या रकमेवर लागतं. ५० लाख किंवा त्याहून जास्त किंमत असेल तर १ टक्का टीडीएस (आगाऊ कापायचा आयकर) विक्रेत्याच्या पैशातून कापून तुम्हीच भरायचा, पैसे दिले तो महिना संपल्यावर ३० दिवसांत. दोन खरेदीदार असतील तर दोन वेगळी चलनं. विक्रेत्याचा पॅन आधारशी जोडलेला नसेल तर हाच दर २० टक्के होतो आणि नोटीस तुमच्या नावाने येते, तेव्हा टोकनआधी (बयाण्याआधी) ते विचारा. विक्रेता स्वतः अनिवासी असेल तर दर आणि पद्धत पूर्ण निराळी. तिथे सीएशिवाय एक रुपयाही देऊ नका.

घरं बघण्याचे दिवस कामाचे निवडा. घोडबंदर रोडवरचा फ्लॅट रविवारी दुपारी फार देखणा वाटतो. तोच मंगळवारी सकाळी साडेआठला कासारवडवलीहून ठाणे स्टेशनपर्यंत जाऊन बघा. सोसायटीच्या सेक्रेटरीला एप्रिल-मे महिन्यांतलं टँकरचं बिल विचारा. या पट्ट्यात पाण्याचा प्रश्न जुना आहे, आणि मेंटेनन्सच्या आकड्यात टँकर धरलेला आहे का हे कोणी आपणहून सांगत नाही. नौपाडा-पाचपाखाडीत पाणी आणि स्टेशन दोन्ही जवळ, पण जुन्या इमारतींची ओसी (महापालिकेचा भोगवटा दाखला) आणि कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) तपासावं लागतं. कन्व्हेयन्स झालेलं नसेल तर जमीन कागदोपत्री अजून जुन्या मालकाकडे असते आणि पुनर्विकासाच्या वेळी तेच आडवं येतं. कळवा-दिवा भागात अनधिकृत इमारती बऱ्याच आहेत. तिथे महापालिकेची मंजुरी आणि ओसी पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नये, भाव कितीही कमी असो.

घर ठरलं की छोटं टोकन द्या आणि पावतीवर ‘टायटल (मालकी हक्क) साफ नसल्यास परत’ हे लिहून घ्या. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च (मालकीच्या नोंदींचा शोध), पहिल्या करारापासूनची सगळी चेन आणि वर्तमानपत्रात १४ दिवसांची जाहीर नोटीस. हे १४ दिवस धरूनच चालावं. शक्य असेल तर घर आधी नातेवाइकाकडून बघून, व्हिडिओवर पसंत करून ही नोटीस भारतात येण्याआधीच द्यावी. विक्रेत्याचं कर्ज चालू असेल तर अजून वेळ धरा: कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद परत द्यायला बँकेला ३० दिवसांची मुदत असते. तेवढी सुट्टी कुणाकडे नसते, म्हणून कर्जमुक्त घर थोडं महाग पडलं तरी परवडतं.

नोंदणीसाठी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्ताची माहिती आधी भरायची, शुल्क ऑनलाइन चलनाने भरायचं आणि वेळ आरक्षित करायची. त्या दिवशी पासपोर्ट, ओसीआय कार्ड आणि पॅन मूळ न्या. आधार नसलं तरी चालतं, पण दोन साक्षीदार आधारवाले आणि वेळेवर येणारे हवेत. फोटो, अंगठा, सही. कार्यालय रिकामं असेल तर तासाभरात सुटका. मार्चअखेर जाऊ नका, कारण १ एप्रिलला रेडी रेकनर बदलण्याच्या धास्तीने तोबा गर्दी असते. दसऱ्या-पाडव्याच्या आसपासही तेच. पितृपक्षात मात्र शांतता असते आणि विक्रेतेही भावात थोडे नरम पडतात. ज्यांना चालतं त्यांनी याचा फायदा घ्यावा.

एक जण येऊ शकत नसेल तर मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित करून किंवा नोटरी करून ॲपोस्टिलसह (परदेशात ग्राह्य धरला जाणारा सरकारी शिक्का) पाठवा. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथे मुद्रांकित करावं लागतं. ‘खरेदी, नोंदणी, ताबा, सोसायटी, वीज, कर’ असे सगळे अधिकार नावानिशी लिहा. मोघम मजकुरावर टेबलाच्या पलीकडचा माणूस ते परत करतो.

बांधकाम सुरू असलेला प्रकल्प असेल तर महारेराच्या (राज्याच्या गृहनिर्माण नियामकाच्या) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून मुदत आणि खटले बघा. नोंदणीकृत कराराआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. जीएसटी ५ टक्के वेगळा. ओसी मिळाल्यावर विकलेल्या घराला तो नाही. खाडीपलीकडे नवी मुंबईत सिडकोची (शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची) जमीन बहुतांशी लीजवर आहे, तिथे सिडकोची ना-हरकत आणि हस्तांतर शुल्क कोण भरणार हे करारातच लिहून घ्या.

किल्ली मिळाल्यावर इंडेक्स टूची (दस्तनोंदणीच्या उताऱ्याची) प्रत घेऊन सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवा. महापालिका क्षेत्रात हस्तांतर प्रीमियम २५ हजारांपेक्षा जास्त मागता येत नाही. ‘देणगी’ मागितली तर लेखी मागा. विषय बहुधा तिथेच थांबतो. मग मालमत्ता कर प्रभाग समितीत, आणि वीज महावितरणकडे. कळवा-मुंब्रा भागात ती टोरंटकडे आहे. घर भाड्याने देणार असाल तर ना-वहिवाट शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर जात नाही, आणि जवळचा नातेवाईक राहत असेल तर ते लागतच नाही. भाडं एनआरओ खात्यात घ्यायचं, आणि लीव्ह अँड लायसन्सची (भाडेकराराची) नोंदणी उड्डाणाच्या आदल्या दिवसावर ठेवायची नाही.