आमची वाटचाल: पडदे, झालरी आणि वाशिष्ठीचं पाणी

1998 साली चिपळूणच्या बाजारात दुकान टाकलं तेव्हा भांडवल म्हणजे एक काळी पायमशीन आणि सासऱ्यांचं लाकडी कपाट. आधी ब्लाऊज-परकर, मग पडदे. मधली वर्षं बरी गेली.

22 जुलै 2021. पहाटे वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं. 2005च्या पुराची खूण भिंतीवर होती, माल तिच्या वर चढवलेला. पाण्यानं खूण जुमानली नाही. कापडाच्या कडा गुंफायच्या ओव्हरलॉक मशीनची मोटर गेली, पिकोची मशीन गेली, तागे चिखलात. बकरमची, म्हणजे पडद्याच्या आत घालायच्या कडक पट्टीची, खळ सुटून पेज झाली होती. काळ्या मशीनचं डोकं मी ह्यांच्याबरोबर अंगणात उतरवलं, डिझेलनं धुतलं, शटल खोलून सुईनं गाळ काढला.

त्याच आठवड्यात आमच्याकडे चार वर्षं हात बसवून गेलेली मुलगी, जिनं वरच्या अंगाला स्वतःचं दुकान काढलं होतं, आमच्या गिऱ्हाइकांना सांगत होती, "त्यांचं आता काही खरं नाही." काजं करायला मीच शिकवलं होतं तिला. असो. असो म्हणते, पण विसरले नाही.

गावातल्या पाग भागातल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई मात्र सहाव्या दिवशी चिखल तुडवत आल्या. हातात आईची जुनी इरकल साडी. म्हणाल्या, "स्वयंपाकघराच्या खिडकीला झालर हवी, आणि पैसे आधी घे." खिडकी 48 इंच. चुण्या दुप्पट, म्हणून 96, दोन्ही कडांच्या दुमडीचे 4, असं 100 इंच कापड धरलं. काठ खाली ठेवला की खालची दुमड वाचते. वर रॉडचा नेफा. तयार झालर 13 इंच, ओट्यावर उजेड अडत नाही. काळ्या मशीनमधून तेलाबरोबर गाळ अजून बाहेर येत होता, म्हणून आधी दीड वार चिंध्या शिवल्या. टाका स्वच्छ पडला तेव्हाच इरकल सुईखाली घेतली.

विचारलं नाहीत तरी सांगते. स्वयंपाकघरात सुतीच घ्या, पॉलिस्टर फोडणीच्या वाफेनं चिकट होतं आणि शेगडीजवळ तर नकोच. कोरं कापड मापाआधी रात्रभर पाण्यात टाका. आपल्याकडच्या दमट हवेत लोखंडी रॉड गंजतो आणि नेफ्यावर तांबडा डाग उमटतो, तेव्हा रॉड स्टीलचा घ्या, नाहीतर लाकडी.

परवा एक बाई वरच्या दुकानातली झालर घेऊन आल्या. पहिल्या धुण्यात दोन इंच आटलेली. उसवून खाली पट्टी जोडून दिली. नव्या झालरीइतकी शिलाई घेतली. घेणारच.