नळी बिचारी निर्दोष होती
काकांची .३०-०६ रायफल माझ्याकडे आली ती एका वाक्यासकट: "हिचा नेम चुकत नाही." मी तिच्यावर दुर्बीण बसवली, शंभर मीटरवर कागद लावला आणि पाच गोळ्या झाडल्या. भोकांचा पसारा १५ सेंटीमीटरचा! बघणाऱ्यांनी लगेच निकाल दिला, नळी झिजली, बदलून टाक. जुनी रायफल म्हटलं की पहिला आळ नळीवरच येतो.

आधी म्हटलं, आपलंच बघू. मित्राला सांगितलं, मला न दाखवता कधी खरं काडतूस भर, कधी सरावाचं खोटं. तिसऱ्या वेळी खोटं निघालं. बार झालाच नाही, तरी नळीचं तोंड टुणकन खाली दबलेलं! धक्क्याच्या भीतीने मीच दचकत होतो. लाज वाटली. दोन दिवस नुसता घोडा हळू दाबायचा सराव केला. पसारा थोडा आवरला, पण थोडाच.

मग दुर्बीण. वरच्या कड्यांचे स्क्रू घट्ट होते, म्हणून मी निर्धास्त. कडी उतरवली तेव्हा खालच्या पट्टीचा पुढचा स्क्रू बोटाने फिरला. बसवणारा मीच, त्यामुळे शिव्या कुणाला देणार? स्क्रूचं तेल पुसून, धरून ठेवणारा निळा द्राव लावून नीट कसला.

त्यानंतर कागद काहीतरी बोलायला लागला. पहिल्या दोन गोळ्या शेजारी शेजारी, तिसरी थोडी डावीकडे वर, चौथी आणखी, पाचवी आणखी. नळी गार होऊ दिली की पुन्हा पहिल्यापासून तेच. झिजलेली नळी अशी शिस्तीत चुकत नाही. तापल्यावर ती कशाला तरी टेकत असणार.

रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून नळी आणि ती ज्याच्या खाचेत बसते तो लाकडी दस्ता यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवली. डावीकडून सुळकन गेली, उजवीकडे अर्ध्यावर अडली. दस्ता उतरवला तर खाचेत नेमक्या त्याच जागी लाकूड घासून चकाकत होतं. दस्त्याला बाहेरून छान पॉलिश, खाच मात्र आतून कोरडी. वर्षानुवर्षं दमट हवा पिऊन लाकूड फुगलं होतं आणि तापलेल्या नळीला डावीकडे रेटत होतं. (काही रायफलींमध्ये दस्त्याच्या टोकाशी नळीला मुद्दाम आधार दिलेला असतो. तो बघितल्याशिवाय पॉलिशपेपर हातात घेऊ नये.) माझ्याकडे तसं काही नव्हतं. गोल काठीला पॉलिशपेपर गुंडाळून तेवढाच भाग घासला आणि उघड्या लाकडाला वार्निशचे दोन हात दिले, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच. दस्त्याचे दोन्ही स्क्रू आलटूनपालटून, थोडे थोडे कसले.

गोळ्यांचं नळीत साचलेलं तांबंही काढलं. तीन रात्री चिंध्या निळ्या निघत होत्या. पण ते सगळ्यात शेवटी, मुद्दाम. दोन गोष्टी एकदम केल्या असत्या तर गुण कशाचा, कळलं नसतं.

आता पाच गोळ्या ४ सेंटीमीटरमध्ये बसतात.

काकांना फोन करून सगळं रामायण सांगितलं. म्हटलं, तुम्हाला इतक्या वर्षांत कळलं कसं नाही? ते म्हणाले, "अरे, मी एका वेळी दोनपेक्षा जास्त बार काढलेच कधी?"