शनिवारची माळ

आई गेली त्या पावसाळ्यात माझी झोपच उडाली. वसईच्या घरी रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे मरियामातेची जपमाळ, व्हायची; मी नुसते ओठ हलवायचे. एका शनिवारी आनंदाची रहस्यं (माळ जपताना मनात आणायचे येशू-मरियेच्या आयुष्यातले पाच प्रसंग) चालू होती. पाचवं आलं: 12 वर्षांचा येशू हरवतो, मरिया आणि योसेफ त्याला शोधत फिरतात, तिसऱ्या दिवशी तो मंदिरात सापडतो. आणि हे आनंदाचं रहस्य! म्हणजे त्या माउलीची घालमेलही याच माळेत ओवलेली आहे. त्या दिवशी मी पहिल्यांदा मोकळी रडले.

सोमवारी समुपदेशकाकडे गेले. (प्रार्थना कमी पडली म्हणून नव्हे. मरियाही आपल्या नात्यातल्या एलिझाबेथकडे गेलीच होती, सुमारे तीन महिने राहिली.)

परवा अंगणातला सोनचाफा फुलला. दोन फुलं आईच्या कबरीवर ठेवली, एक केसांत माळलं. कितीतरी महिन्यांनी.