‘इतर’च्या रकान्यातले सहा प्ले

२१ सप्टेंबर २००८, रविवार. मी तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये एका छोट्या कंपनीत अमेरिकन फुटबॉलचे सामने नोंदवायचं काम करत होते. प्रत्येक प्ले, म्हणजे चेंडू खेळात आल्यापासून थांबेपर्यंतची एक चाल, थांबवून पाहायचा आणि त्याची एक ओळ भरायची: कितवा डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा), किती यार्ड बाकी, फॉर्मेशन (खेळाडूंची मांडणी) कोणतं, चेंडू कुणाकडे गेला, किती पुढे सरकला. फॉर्मेशन यादीतून निवडायचं असे. आय, शॉटगन, सिंगल बॅक असे डझनभर पर्याय आणि अगदी तळाला ‘इतर’. दोन हंगामांत मी त्या ‘इतर’ला क्वचितच हात लावला होता.

त्या दिवशी माझ्या वाट्याला फॉक्सबरोचा सामना आला. न्यू इंग्लंड पेट्रिएट्सनी साखळीतले सलग २१ सामने जिंकले होते. मायामी डॉल्फिन्सनी आदल्या हंगामात १६ पैकी एकच जिंकला होता आणि या हंगामातले पहिले दोन्ही गमावले होते. टॉम ब्रेडी गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर होता, तरी मायामी जिंकेल असं आमच्यात कुणालाच वाटत नव्हतं.

पहिल्या क्वार्टरमध्ये मायामीचा संघ गोलरेषेजवळ उभा राहिला आणि माझा हात थांबला. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन चाल सुरू करणाऱ्याच्या, जागी १० नंबर नव्हताच. तो, चॅड पेनिंग्टन, पार बाजूला, पास झेलणाऱ्या रिसीव्हरच्या जागी जाऊन उभा. मधे २३ नंबर, रॉनी ब्राउन, म्हणजे पळणारा गडी. रांगेच्या मधल्या सेंटरने चेंडू थेट त्याच्या हातात दिला (यालाच स्नॅप म्हणतात) आणि तो सरळ गोलरेषेपार घुसला. टचडाउन. मला वाटलं, काहीतरी गफलत झाली. मी ‘इतर’ निवडलं आणि शेऱ्यात लिहिलं: स्नॅप चुकीच्या खेळाडूकडे.

थोड्या वेळाने पुन्हा तेच. आता मी चित्रफीत मागे घेऊन चार वेळा पाहिली. स्नॅपच्या आधीच ३४ नंबर, रिकी विल्यम्स, बाजूने धावत ब्राउनच्या समोरून जातो. चेंडू त्याला मिळाला की नाही, हे बचाव करणाऱ्यांना कळत नाही आणि ते अर्धं पाऊल त्याच्या मागे सरकतात. आणखी एक गोष्ट दिसली: रांगेतले दोन्ही टॅकल, म्हणजे नेहमी सेंटरच्या दोन बाजूंना उभे राहणारे अडवे गडी, एकाच बाजूला होते, म्हणजे रांगच लंगडी मांडली होती. हे चुकून होत नाही. कुणीतरी बसून आखलेलं होतं ते.

आमच्याकडे सत्तरीतले एक सहकारी होते. पेनसिल्व्हेनियात शाळेत असताना खेळलेले. मी त्यांना बोलावलं. ते खुर्चीमागे उभे राहिले, एक प्ले पाहिला, आणि म्हणाले, “अगं, ही सिंगल विंग आहे. आम्ही शाळेत हेच खेळायचो.”

सिंगल विंग म्हणजे पॉप वॉर्नर या प्रशिक्षकाच्या काळातली, शंभर वर्षांपूर्वीची मांडणी, जिच्यात चेंडू थेट पळणाऱ्याच्या हातात जातो. १९४० च्या अंतिम सामन्यात शिकागो बेअर्सनी टी फॉर्मेशन (क्वार्टरबॅक सेंटरच्या लगेच मागे उभा राहून चेंडू घेतो ती मांडणी) खेळून वॉशिंग्टनला ७३-० असं धुतलं, त्यानंतर एकेक संघ टीकडे वळला आणि १९५० नंतर काही वर्षांतच व्यावसायिक मैदानातून सिंगल विंग गेली. जेवणाच्या कागदी पिशवीवर सहकाऱ्यांनी अकरा वर्तुळं काढली. “मोज,” म्हणाले. “नेहमी क्वार्टरबॅक चेंडू दुसऱ्याला देतो आणि बघत राहतो. म्हणजे अडवायला उरले नऊ, समोर अकरा. इथे चेंडू घेणाराच पळतो. क्वार्टरबॅक लांब उभा राहून निदान एकाला तरी आपल्याजवळ अडकवून ठेवतो. एक माणूस फुकट मिळाला.” मी सांगलीची, कबड्डी पाहत मोठी झालेली, साखळीतला एक गडी कमी झाला की कोपरा कसा उघडा पडतो, ते मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये ब्राउन धावता धावता थांबला आणि त्याने डाव्या हाताने चेंडू फेकला. १९ यार्डांवर अँथनी फसानोने तो झेलला. चौथ्या क्वार्टरमध्ये ब्राउन ६२ यार्ड पळाला. या मांडणीतून सहा प्ले, त्यांतून चार टचडाउन. मायामी ३८, न्यू इंग्लंड १३. पुढे बाहेर आलं की ॲरिझोनात हरून परतताना विमानातच मुख्य प्रशिक्षक टोनी स्परानोंनी डेव्हिड ली यांच्याकडे हा विषय काढला होता. ली आदल्या वर्षी आर्कान्सा विद्यापीठात हेच खेळवत होते. तयारीला मिळाला जेमतेम एक आठवडा.

सामना संपल्यावर मी पहिल्या ओळीतला चुकीच्या स्नॅपचा शेरा खोडला. मग आमची वादावादी सुरू झाली. सहकाऱ्यांचं म्हणणं, मायामीने संपूर्ण हंगाम असाच खेळावा, विद्यापीठातली ऑप्शनसुद्धा (क्वार्टरबॅक पळता पळता चेंडू ठेवायचा की द्यायचा ते ठरवतो तो खेळ) आणावी. मला ते पटत नव्हतं, आणि माझा मुद्दा मैदानाच्या मापाचा होता. मैदान १६० फूट रुंद. विद्यापीठात चेंडू ठेवायच्या दोन हॅश रेषांमध्ये ४० फूट अंतर, व्यावसायिक मैदानात साडेअठरा. म्हणजे विद्यापीठात चेंडू कडेच्या हॅशवर असला की मोकळ्या बाजूला १०० फूट मिळतात, इथे ८९. बाहेरून वळसा घालून पळण्याच्या खेळात ते ११ फूट फार मोठे. त्यात इथला लाइनबॅकर, म्हणजे पुढच्या रांगेमागचा बचावपटू, विद्यापीठातल्यापेक्षा वेगवान, आणि ऑप्शनमध्ये क्वार्टरबॅकने दर खेपेला मार खायचा. ज्याच्यावर सगळा संघ उभा, त्याला असा कोण झिजवेल?

तरी त्यांचं पूर्ण चूक नव्हतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. २०१९ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्स एका हंगामात ३,२९६ यार्ड पळाले. हा लीगचा विक्रम, आणि त्यांतले १,२०६ एकट्या क्वार्टरबॅकचे, लमार जॅक्सनचे. सिंगल विंगचा टेलबॅक असाच असायचा, पळणारा आणि फेकणाराही. वॉशिंग्टनचा सॅमी बॉ सुरुवातीला त्याच जागेवरून पास टाकायचा. माझ्या मते मांडणी कधीच निकामी झाली नव्हती. दोन्ही कामं करणारी माणसं मिळेनाशी झाली होती. पण बचावालाही एकदा पाहिलेलं दुसऱ्यांदा कळतं. डिसेंबर २०१८ मध्ये याच जॅक्सनसमोर हरलेल्या चार्जर्सनी १५ दिवसांनी प्लेऑफमध्ये मैदानात सात-सात डिफेन्सिव्ह बॅक, म्हणजे मागे राहणारे चपळ बचावपटू, उतरवले आणि २३-१७ ने जिंकले.

असं दुसऱ्यांदा कळलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते २३ नोव्हेंबर २००८ ला, मायामीत, याच दोन संघांच्या सामन्यात. तोवर मायामीच्या या मांडणीसाठी आमच्या यादीत ‘वाइल्डकॅट’ हा पर्याय आला होता. ३४ नंबर समोरून धावत गेला, आणि या वेळी पेट्रिएट्सचे लाइनबॅकर त्याच्या मागे सरकले नाहीत. त्यांची नजर २३ वर. न्यू इंग्लंड ४८, मायामी २८.

सहकारी तसेच माझ्या खुर्चीमागे उभे होते. “फेक ना रे,” ते पडद्याकडे बघत पुटपुटले. मी ओळ भरली आणि पुढचा प्ले लावला.