शेवटची काच

दोन संवादांच्या मधल्या फटीत पडद्यावर काय चाललंय ते दृष्टिहीन प्रेक्षकांना माइकवरून सांगायचं, हे माझं काम. फट कधी दोन सेकंदांची, कधी दहा. तेवढ्यात बसेल तेवढंच बोलायचं. कुठे बोलायचं हे सरावाने जमतं. कुठे तोंड मिटून बसायचं, ते मात्र 'वन वे पॅसेज'च्या दिवशी मला खऱ्या अर्थाने उमगलं.

१९३२चा हा सिनेमा, वॉर्नर ब्रदर्सचा, दिग्दर्शक टे गार्नेट. जेमतेम सत्तर मिनिटांचा, आणि बहुतेक सगळा एका मोठ्या प्रवासी जहाजावर घडणारा. आपल्याकडे प्रभातचा 'अयोध्येचा राजा' त्याच वर्षीचा. रॉबर्ट लॉर्डला 'वन वे पॅसेज'च्या कथेसाठी ऑस्कर मिळालं, आणि कथा खरोखरच घट्ट विणीची आहे. हाँगकाँगच्या बारमध्ये डॅन आणि जोन यांची टक्कर होते, डॅनचा प्याला सांडतो. तेवढ्याशा ओळखीवर दोघं एकत्र पितात, निघताना प्याले फोडतात आणि उरलेले दांडे बारवर एकमेकांवर आडवे ठेवतात. डॅनला फाशीची शिक्षा झालेली आहे. बाहेर पडतो तोच स्टीव्ह नावाचा पोलीस त्याला पकडतो. जोन असाध्य आजाराने खंगत चाललेली. दोघं एकाच जहाजाने सॅन फ्रान्सिस्कोला निघतात, आणि दोघंही एकमेकांपासून आपलं मरण लपवतात.

वर्गात कॉलेजची मुलं होती, इंग्रजी चांगलं कळणारी. सिनेमा लावण्याआधी मी दांड्याचे दोन प्याले त्यांच्या हातांत फिरवले. जन्मांध असलेल्या एका मुलाने असा प्याला कधी हाताळलाच नव्हता. त्याचा अंगठा बुडाच्या चकतीवरून दांड्यावर आणि तिथून वरच्या पातळ काठापर्यंत गेला. "फुटला तर इथेच तुटणार," दांड्याच्या टोकाशी बोट ठेवून तो म्हणाला. मला हवं होतं ते झालं होतं. फुटलेल्या प्याल्याचा दांडा उरतो हे डोळसांना दिसतं. हातांना ते आधी माहीत असलं पाहिजे.

हाँगकाँगचा प्रसंग मी नीट सांगितला, दांडे कसे ठेवले तेही. पुढे माझं काम हलकं होत गेलं. फ्रँक मॅकह्यूने रंगवलेला स्किपी हा भुरटा चोर एकदा हसला, ते तुटक, ठसक्याचं हसू, की पुढे त्याचं नाव घ्यायची गरजच नाही. तो हसला की वर्गही हसायचा. बोलपट तेव्हा अजून कोवळा होता आणि दिग्दर्शकाला आवाजाची किंमत ठाऊक होती, असं मला यातून वाटतं. डॅन झालेल्या विल्यम पॉवेलचा मऊ, सावकाश स्वर आणि जोन झालेल्या के फ्रान्सिसचा किंचित बोबडा 'र' पोरांनी लगेच ओळखून ठेवला.

होनोलुलूचा प्रसंग मात्र सगळा माझ्यावर होता. डॅनच्या पळून जायची सोय झालेली असते. जहाजावर परतायचं नाही, एवढं जोनला सांगून निघायचं, बस. तेवढ्यात तिची शुद्ध हरपते. मी म्हटलं, "डॅन तिला दोन्ही हातांवर उचलतो. जहाजाकडे निघतो." पुढच्या रांगेतून एका मुलीचा हलक्या आवाजात प्रश्न आला, "ताई, म्हणजे तो परत चाललाय?" तिच्याच शेजारणीने उत्तर दिलं, "चाललाय. फासावर चाललाय." मी काही जोडलं नाही.

जहाज धक्क्याला लागतं तोवर दोघांनाही एकमेकांचं खरं कळलेलं असतं. तरी तोंडाने ठरतं काय, तर वर्षअखेरच्या रात्री मेक्सिकोतल्या आग्वा कालिएंतेला भेटायचं. शेवटच्या प्रसंगात ती रात्र येते. बारमध्ये गोंगाट, दोन बारमन आपल्या कामात. आणि काच फुटते.

त्या आवाजानंतर मला चांगली फट होती आणि हातातल्या कागदावर वाक्यही तयार होतं. माइकशी तोंड नेलं आणि थांबले, कारण वर्गातून कुणीतरी मोठ्याने म्हटलं, "आले!" पडद्यावर बारमन वळून बघत होते, आणि ते वळायच्या आतच माझ्या वर्गाला कळलं होतं. मग एकच वाक्य बोलले, "बारवर दोन दांडे, एकमेकांवर आडवे. जवळ कुणी नाही."

नंतर जो वाद झाला तो चहा येऊन गार होईपर्यंत चालला. एकाला आधी हे विचारायचं होतं की भेटायला मेक्सिकोच का. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती, ती १९३३मध्ये उठली, तोवर तिकडची मंडळी सीमा ओलांडून तिहुआनाच्या आग्वा कालिएंतेला जात, असं सांगितल्यावर तो गप्प झाला. एका मुलीचं म्हणणं, ती दोघं खरंच आली होती. तबला शिकणाऱ्या मुलाला ते पटेना. "बोलले नाहीत, हसले नाहीत. एवढी बोलणारी माणसं, आणि नुसती काच?" ती म्हणाली, "मेल्यावर बोलतील कशाला?" तो म्हणाला, मग काच तरी कशाला फोडतील. मी माझं मत विचारलं तरी दिलं नाही. शेवट पुन्हा लावा, या वेळी तुम्ही काहीच बोलू नका, असं दोघांनी मिळून सांगितलं, आणि मी माइक बंद करून तो पुन्हा लावला.