बटाटा आणि रंगूनी वाल

गुजराती लग्नाच्या जेवणावळीत लाडवाबरोबर रंगूनी वालाचं आणि बटाट्याचं शाक हमखास शेजारीशेजारी वाढलं जातं. दोघेही मूळचे दक्षिण अमेरिकेतले, अँडीज पर्वताच्या बाजूचे. पण बडोद्यात इतके रुळलेत की त्यांना कुणी गाव विचारत नाही.

आमच्या दांडिया बाजारातल्या घरात वालाची दोन खाती आहेत. कडवे वाल आजीचे: मोड आणायचे, सोलायचे, बिरडं करायचं. आणि रंगूनी वाल, मोठे, चपटे, पांढरे, हाथीखान्याच्या दाणाबाजारातून आणलेले. ते चिंचगूळ नि ओवा घालून करायला शेजारच्या बेनांनी शिकवले. आज विषय या दुसऱ्यांचा, कारण भाच्याने त्यांच्यावर खटला भरलाय. तो सध्या जिमला जातो, म्हणजे खाण्यापेक्षा पाकिटांच्या पाठी जास्त वाचतो.

"मावशी, शंभर ग्रॅम वालात ३४०च्या आसपास कॅलरी, आणि फ्रेंच फ्राइजमध्ये ३१२. मग मी फ्राइजच मागवतो ने?"

आकडे बरोबर, वकिली लबाड. पाकिटातला वाल कोरडा ठणठणीत; तसा खातो कोण? रात्रभर भिजून, कुकरच्या शिट्ट्या सोसून तो ताटात येतो तेव्हा मनसोक्त पाणी प्यायलेला असतो. शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये साधारण ११५ कॅलरी उरतात. त्यात जवळजवळ ८ ग्रॅम प्रथिनं, ७ ग्रॅम तंतू, आणि स्निग्धांश अर्धा ग्रॅमही नाही. फ्राइजची चाल नेमकी उलटी. कच्च्या बटाट्यात पाऊण हिश्शाहून जास्त पाणीच असतं. तापल्या तेलात ते बुडबुडत वाफ होऊन जातं आणि जाताना तेलाला जागा करून देतं: १०० ग्रॅममागे सुमारे १५ ग्रॅम. प्रथिनं जेमतेम साडेतीन. तोच बटाटा नुसता उकडला तर ८७ कॅलरी, म्हणजे वालाच्याही खाली! म्हणूनच बटाट्याला नावं ठेवणाऱ्यांचं मला पटत नाही. उत्तर गुजरातेतल्या डीसा गावच्या त्या गरीब बटाट्याने कुणाचं काय बिघडवलंय? आणि कडधान्यं तरी कुठे सोवळ्यातली? सेवउसळीवर आपण मूठमूठ घेतो ती सेव हरभऱ्याचीच, कढईतून निघालेली.

पोटॅशियममध्ये तर फ्राइज वालाच्या किंचित पुढेच आहेत. थोडं क जीवनसत्त्वही त्यांच्यात टिकतं. शिजलेल्या वालात ते नसल्यातच जमा. वालावर लिंबू पिळावं, त्यातलं लोह मग जास्त अंगी लागतं.

वाल हरतात ते घड्याळापुढे. फ्राइजची इच्छा संध्याकाळी साडेसहाला होते आणि सातच्या आत फिटते. वाल मात्र आदल्या रात्री आठवावे लागतात, तेही जेवण होऊन पोट तुडुंब असताना. त्या अवस्थेत उद्याच्या भुकेची काळजी करणारा माणूस मी आमच्या घरात एकच पाहिला, ती आजी. शिवाय घाई चालत नाही. कच्च्या वालात अपायकारक द्रव्यं असतात, तेव्हा भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं आणि बोटांत दाबला की लोणी व्हावा इतका शिजवायचा. पोटातल्या गडगडाटासाठी ओवा, असं बेन ठामपणे सांगतात. फरक किती पडतो ते ज्याचं त्याने पाहावं.

हल्ली मी वाल एकदमच शिजवून डब्यांत भरते आणि फ्रीझरमध्ये टाकते, गोठवलेल्या फ्राइजच्या पिशवीला खेटून. दोघांनाही लागणारा वेळ आता सारखाच. भाच्याने काल पिशवी बाजूला सारून डबा काढला, गरम केला, वर कांदा चिरला, लिंबू पिळलं आणि माझ्याकडे न बघता सेवेची बरणी उघडली.